कोकणचा किनारी रस्ता, आणि त्याच्या आधीच्या खाड्या

मे महिन्यात अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जायचं म्हणणारे हल्ली भरपूर जण भेटतात, आणि जवळपास सगळ्यांना एकच प्रश्न पडतो की हा रस्ता एवढा आतबाहेर का करतो, समोर पाण्यापलीकडे दिसणारं गाव गाठायला तासभर वळसा का घालावा लागतो. त्याचं कारण जुनं आहे आणि ते माहीत असलं की वाटेतला प्रत्येक थांबा वेगळा दिसायला लागतो, म्हणून हे लिहितोय.

कोकणातली जुनी मोठी गावं रस्त्यावर वसलेलीच नाहीत, ती खाडीवर वसली. सह्याद्रीतून निघालेली नदी इथे फार लांब जात नाही, लगेच समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी तिच्यातून बरंच आत शिरतं. त्या भरतीवर गलबतं आत न्यायची, माल उतरवायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढवायचा, असा शेकडो वर्षांचा व्यवहार होता. दाभोळला लागलेला माल वाशिष्ठीतून चिपळूणला आणि कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला, बाणकोटचा सावित्रीतून महाडला, जैतापूरचा राजापूरला. आता महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही नावं ओळीने वाचा, मुंबई-गोवा हायवेच लागतो की नाही? म्हणजे हायवे गेला तो खाड्यांच्या आतल्या टोकांवरून, आणि खाड्यांची तोंडं राहिली किनाऱ्यावर एकेकटी.

त्या तोंडांवर मग किल्ले आले. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि समोर कोर्लई, राजपुरीच्या खाडीबाहेर सिद्दीचा जंजिरा, पुढे बाणकोट, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग. रेवदंड्याला लागून असलेलं चौल तर पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांनाही माहीत होतं आणि १५व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी तिथेच उतरला होता. मालवणचा सिंधुदुर्ग जरा वेगळा, तो खाडीसाठी नाही, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये खडकाळ कुरटे बेटावर त्याचा पाया घातला तो थेट समुद्रावर सत्ता ठेवायला.

मला स्वतःला या सगळ्या किनाऱ्यावर सर्वात जास्त चटका लावणारी जागा विजयदुर्ग वाटते. कान्होजी आंग्र्यांनी उभं केलेलं आरमार त्यांचा मुलगा तुळाजीच्या काळात पेशव्यांना जड जायला लागलं, तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, १७५५ मध्ये हर्णैचा सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या पाण्यात आंग्र्यांची जहाजं जळाली. बदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळालं. आपलंच आरमार आपल्याच संमतीने जाळलं गेलं, तटावर उभं राहून खाली बघताना हे डोक्यातून जात नाही.

नंतर बोटी आल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत मुंबईची आगबोट जायची, बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. चाकरमानी मे महिन्यात असाच गावी येई, कारण पावसात बोटी बंद. पण सगळ्याच बंद नसत, रेवसची बोट चालू असे, आणि १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या धक्क्यावरून ट्रिप सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मनापासून वाटतं.

किनाऱ्याने सलग रस्ता हवा ही कल्पना अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८२ च्या सुमाराला पुढे आली. रस्ता तुकड्यातुकड्याने झाला पण मोठ्या खाड्यांवरचे पूल रखडले, म्हणून आजही आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडी जंगल जेटीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर चढवायची.

रस्ता उशिरा आला याचा निसर्गाला फायदाच झाला असं माझं मत आहे. बाणकोटजवळचं वेळास घ्या, नाना फडणवीसांचं गाव, तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी हीच अंडी लोक नेऊन खायचे. पिल्लं बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, त्यामुळे मेच्या शेवटी जाऊन कासवं दिसली नाहीत म्हणून रागावू नका.

आणि गाडी खाडीतून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर चढली की फक्त काळा तापलेला कातळ दिसतो, बरेच जण एसी वाढवून पुढे निघतात. तिथेच थांबा. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी इथल्या जांभ्यावर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती तर इतका प्रचंड की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा म्हणजे तिरप्या उजेडात रेघा उठून दिसतात, आणि कृपा करून चपला काढून बाजूला ठेवा, रेघांवर पाय देऊ नका.