पोर पळवण्याचा भयपट आणि खान्देशी प्रेक्षक

मूल घरातून, गल्लीतून किंवा जत्रेतून नाहीसे होते आणि त्यामागे माणसाच्या जोडीने एखादी अमानवी शक्तीही असते, अशा कथेच्या भयपटाला जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतला प्रेक्षक कसा सामोरा जातो, याची ही नोंद आहे. जुना वाडा, पछाडलेली नवरी, सूड घेणारी हडळ असले भयपट खान्देशात गोंगाटातच पाहिले जातात. शिट्ट्या वाजतात, पुढच्या रांगेतला मागच्याला मुद्दाम दचकवतो. पोर हरवल्याच्या कथेला मात्र हा गोंगाट टिकत नाही. दाराशी पडलेली एक छोटी चप्पल पडद्यावर दिसली की हसणारे गप्प होतात, आणि मग कुठून तरी बाईचा आवाज येतो : ‘पोऱ्या कथा गया?’ मुलगा कुठे गेला, हा तिचा प्रश्न तिच्या नकळतच तोंडातून निघालेला असतो.

पडद्यावरची गोष्ट परदेशातली असो वा हिंदीत भाषांतर होऊन आलेली, ती इथे रिकाम्या मनावर पडत नाही. मूल नेणाऱ्या शक्तींची मोठी यादी खान्देशी माणूस लहानपणीच ऐकून बसलेला असतो. विहिरीच्या काठी किंवा नदीच्या डोहाशी शेंदूर फासलेले सात दगड म्हणजे साती आसरा. भर दुपारी एकट्या पोराने तिकडे फिरकू नये, आसरा ओढून नेतात, असे तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या गावांत सांगितले जाते. पिंपळावरचा मुंजा हा मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगाच. त्याचा धाक असतो तशी त्याची पूजाही होते. यावल तालुक्यातल्या अट्रावलच्या मुंजोबाला दरवर्षी नवस फेडायला गर्दी लोटते. ज्याची भीती घालायची त्यालाच पोरासाठी नवस बोलायचा, हे बाहेरच्याला विसंगत वाटेल, पण धाब्यावर झोपून वाढलेल्याला वाटत नाही. खान्देशातल्या जुन्या घरांना मातीचे सपाट धाबे असते. चैत्र-वैशाखात घरात झोपणे अशक्य झाले की सगळे कुटुंब अंथरुणे घेऊन वर जाते आणि तिथे, उघड्या आभाळाखाली, आजी या गोष्टी सांगते. ऐकणाऱ्या पोराला खालच्या अंधारात उतरून पाणी आणायची हिंमत होत नाही. आपल्याकडचा भयपट पडद्यावर येण्याआधी या धाब्यावर होऊन गेला आहे, आणि ती शाळा फार चांगली होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिथे भीती दाखवणारी आजी हाताच्या अंतरावर असे आणि गोष्ट संपली की पांघरूण तीच घालत असे.

या यादीतले एक नाव मात्र इतरांसारखे निरुपद्रवी नाही. सातपुड्यात, विशेषतः अक्कलकुवा आणि धडगाव या भागांत, गावातली मुले आजारी पडली किंवा दगावली की एखाद्या बाईला डाकीण ठरवल्याचे प्रकार घडले आहेत. आसरा आणि मुंजा दिसत नाहीत, डाकीण मात्र शेजारीच राहते. तिचे नाव घेतले जाते, तिला मारहाण होते, तिला गाव सोडावे लागते. म्हणून पाठीत वाकलेली, पांढऱ्या केसांची, एकटी राहणारी म्हातारी पोरे पळवते असे चित्रपट जेव्हा दाखवतो, तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकाला ती नुसती चेटकीण वाटते, तर तोरणमाळच्या पायथ्याच्या प्रेक्षकाला ओळखीचा चेहरा आठवू शकतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भागात वर्षानुवर्षे डाकीण प्रथेविरुद्ध काम करत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. एखाद्यावर करणी करण्याचा आळ घेऊन त्याचे जगणे मुश्कील करणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे.

सभागृहातल्या प्रतिसादाला जत्रेचाही संदर्भ आहे. एकपडदा चित्रगृहे आणि मॉलमधली पडदे-संकुले येण्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षे, खेड्यातल्या माणसाने सिनेमा पाहिला तो यात्रेतल्या तंबूत. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो, धुळ्याला चैत्रात एकवीरा देवीची यात्रा असते, अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची. अशा यात्रांत पाळणे, मौत का कुआ, तमाशाचा फड आणि फिरती टॉकीज एकमेकांना खेटून उभी राहत. प्रेक्षक जमिनीवर बसे, तंबूचे कापड वाऱ्याने फडफडे आणि बाहेरच्या भोंग्याचा आवाज सरळ आत येई. त्या भोंग्यावरून काय सांगितले जाई हे यात्रा पाहिलेल्या कोणालाही आठवेल : अमुक गावचा, लाल सदरा घातलेला पाच वर्षांचा मुलगा सापडला आहे, आईवडिलांनी चौकीपाशी यावे. आत पडद्यावर पोर हरवलेले आणि बाहेर भोंग्यावर खरेच हरवलेले. अशा वेळी आईचा हात आधी शेजारच्या पोराच्या डोक्यावर जातो. आजच्या वातानुकूलित सभागृहात भोंगा ऐकू येत नाही, पण तो हात अजूनही तसाच जातो.

पोरांना मांडीवर ओढून घेणे, तोंडावर पदर किंवा ओढणी घेऊन एका डोळ्याने पाहणे, ‘मांगे देख!’ असे पडद्यावरच्या पोराला ओरडून सांगणे, या इथल्या नेहमीच्या प्रतिक्रिया. घरी गेल्यावर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून पोराची दृष्ट काढणारी घरेही आहेत. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी होती असे मानतात. या विधीला कोणी खुळचट म्हणू नये. घाबरलेल्या पोराला घरातल्या वडीलधाऱ्या बाईने समोर बसवून, नाव घेऊन, आता तुला काही होणार नाही असे सांगण्याची ती एक रीत आहे. दचकल्याने वाढलेली छातीची धडधड आणि सुटलेला घाम थोड्या वेळात ओसरतात, मनातली धास्ती मात्र टिकते. तिच्यासाठी दुसऱ्या माणसाचा आवाज लागतो.

कोण कशाला घाबरतो हे वयावर अवलंबून असते. मुले आणि पडद्यावरची भीती यांवर काम केलेल्या अमेरिकी संशोधक जोअॅन कॅन्टर यांनी दाखवले की अगदी लहान मूल दिसण्याला घाबरते, म्हणजे विद्रूप चेहरा, मोठे डोळे, अचानक बदलणारे रूप यांना. ते खोटे आहे असे समजावून त्याची भीती जात नाही. मोठे मूल त्याउलट घडू शकणाऱ्या गोष्टीला घाबरते, आणि पळवले जाणे ही घडू शकणारी गोष्ट आहे. म्हणूनच या प्रकारच्या चित्रपटात भूत गेल्यावरही दहा-बारा वर्षांच्या पोराची झोप उडालेली राहते. चित्रपट प्रमाणन मंडळाच्या वर्गवारीत याची दखल आता बरीच नेमकी घेतली जाते. चलच्चित्र अधिनियम 1952 मध्ये 2023 साली दुरुस्ती होऊन ‘यूए’ वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन भाग झाले. ही चिठ्ठी पालकांसाठी असते. मात्र मोबाईलवर चित्रपटाचा तुकडा पाहणाऱ्या पोराच्या हातात ती चिठ्ठी येत नाही.

मोठ्यांच्या प्रतिक्रियांत एक प्रतिक्रिया जवळजवळ हमखास येते आणि ती सर्वांत त्रासदायक आहे. मध्यंतरात चहा पिताना पहिला प्रश्न निघतो : पोर एकटे सोडलेच कसे? हा प्रश्न बापासाठी क्वचितच असतो. पडद्यावरची आई कामावर गेलेली असते, थकून झोपलेली असते किंवा दुसऱ्या लेकराला पाजत असते, आणि दोष तिच्यावरच येतो. पहाटे केळीच्या किंवा कापसाच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या आणि पोरे सासूपाशी किंवा थोरल्या पोरीपाशी ठेवून जाणाऱ्या हजारो बाया याच भागात आहेत. त्यांच्यातलीच एखादी हा प्रश्न विचारते तेव्हा ती खरे तर स्वतःलाच विचारत असते. ज्या चित्रपटांत आधी मेलेली मुले भुते होऊन पळवलेल्या मुलाला सुटकेचा मार्ग दाखवतात, ते याच बायांना जास्त भावतात, असे दिसते. मुंजोबाला पोरासाठी नवस बोलणाऱ्या प्रदेशात मेलेले पोर जिवंत पोराला राखते, ही कल्पना परकी नाही. तरुण पोरे अशा शेवटावर ‘भीतीच नाही राहिली’ म्हणून नाराज होतात. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे.

या सगळ्याच्या पलीकडे एक प्रतिसाद आहे, तो सभागृहात झाला नाही आणि त्याची किंमत पाच माणसांनी दिली. 2018 च्या उन्हाळ्यात देशभर मोबाईलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोरांजवळ येतात, एकाला उचलतात आणि निघून जातात. चित्रफीत खरी होती, घटना नव्हती. ती कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला छोटा जनजागृतीपट होती. मूळ पटाच्या शेवटी तेच दोघे परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि फलक उलगडून दाखवतात की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कोणीतरी तो शेवट कापला. सीरियातल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेल्या मुलांची छायाचित्रेही मुलांचे अवयव काढून नेल्याचा पुरावा म्हणून पसरवली गेली. चित्रपटगृहात माणूस तिकीट काढून आत जातो, दिवे मालवले जातात, शेवटी श्रेयनामावली येते, दार उघडते. या सगळ्यातून मनाला कळते की पाहिले ते खेळ होते. मोबाईलवरच्या तुकड्याला दारही नसते आणि श्रेयनामावलीही नसते. तो ओळखीच्या माणसाकडून आलेला असतो, आणि खाली लिहिलेले असते की टोळी आपल्या तालुक्यात शिरली आहे.

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, बहुतेक मंगळवेढा परिसरातली पाच माणसे भिक्षेसाठी तिथे आली होती. पोरे पळवणारे म्हणून त्यांना पकडले गेले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि जमावाने त्यांना ठार मारले. मारहाण होत असताना तिचेही चित्रीकरण झाले आणि तेही फिरले. त्याच दिवसांत मालेगावात जमावाने घेरलेल्या पाच जणांना पोलिसांनी आणि तिथल्याच लोकांनी वाचवले, त्यांच्यात एक लहान मूलही होते. 17 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्यास सांगितले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाडा खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप सुनावली.

संशयाचे दुसरे रूप मे 2023 मध्ये भुसावळला दिसले. बिहारहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीतून 59 मुलांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांत उतरवून घेण्यात आले. ती मुले मदरशात शिकायला निघाली होती. मुलांच्या तस्करीच्या आरोपाखाली सोबतच्या पाच जणांना अटक झाली, त्यांना काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. पुढे हे प्रकरण गैरसमजातून झाल्याचे आढळून ते बंद करण्यात आले. इथे जमावाने कोणाला हात लावला नाही, चौकशी झाली, मुले जिवंत घरी गेली, हा फरक मोठा आहे. पण निरपराध माणसांचे ते आठवडे परत मिळाले नाहीत.

मूल खरेच हरवले तर काय करायचे, हे भयपट जवळजवळ कधीच सांगत नाही, कारण बापाने एकट्याने तळघरात उतरणे पडद्यावर जास्त चांगले दिसते. प्रत्यक्षात हरवलेल्या मुलाच्या तक्रारीचा गुन्हा ताबडतोब नोंदवायचा, ते पळवले गेले किंवा विकले गेले असावे असे गृहीत धरूनच तपास करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे 2013 चा आदेश आहे. चोवीस तास थांबायला सांगणे चूक आहे. संकटातल्या मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे.

डवरी गोसाव्यांची नोंद महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. हातात डमरूसारखा डौर, खांद्याला झोळी, ओठांवर नाथांची आणि भैरवनाथाची गाणी घेऊन हा समाज पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरत आला. जेवत नसलेल्या पोराला घरोघर जो बागुलबुवा दाखवला जाई, त्याच्याही खांद्याला झोळीच असे : ‘खा, नाहीतर बुवा झोळीत घालून नेईल.’ ते ऐकून वाढलेल्या पिढीने 2018 मध्ये ती चित्रफीत पाहिली. राईनपाड्यानंतर भिक्षेकरी भटक्या समाजांतून ओळखपत्रांची मागणी पुढे आली, गावात शिरल्यावर आपण कोण हे दाखवता यावे म्हणून.