उत्तर आयर्लंडच्या विधानसभेतील युरोपविरोध : जिम अ‍ॅलिस्टर यांची कारकीर्द

जिम अ‍ॅलिस्टर (जन्म : २ एप्रिल १९५३) हे उत्तर आयर्लंडमधील युनियनवादी (ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे) राजकारणी, बॅरिस्टर आणि ‘ट्रॅडिशनल युनियनिस्ट व्हॉइस’ (टीयूव्ही) या पक्षाचे संस्थापक. २०११ ते २०२४ या काळात ते बेलफास्टजवळच्या स्टॉरमाँट येथील विधानसभेत नॉर्थ अँट्रिमचे आमदार होते. या संपूर्ण काळात सभागृहात त्यांच्या पक्षाचा दुसरा एकही सदस्य नव्हता. युरोपीय संघाला त्यांचा विरोध होता आणि ज्या सत्तावाटपावर ही विधानसभा उभी आहे त्यालाही. तरीही या सभागृहातल्या कामकाजाच्या नियमांचा इतका कसून वापर करणारे आमदार तिथे थोडेच झाले. एकट्याच्या बळावर त्यांनी दोन कायदे मंजूर करून घेतले.

युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, हा प्रश्न स्टॉरमाँटच्या अधिकारात कधीच नव्हता. लंडनच्या पार्लमेंटने आरोग्य, शिक्षण, शेती आणि २०१० पासून पोलीस व न्याय असे विषय बेलफास्टकडे सोपवले. परराष्ट्र व्यवहार मात्र स्वतःकडेच ठेवले. त्यामुळे प्रांतिक विधिमंडळात युरोपविरोधी नेता नेमके काय करू शकतो, असा प्रश्न पडतो. भाषणे तर कोणीही करतो. अ‍ॅलिस्टर यांची कारकीर्द पाहिली की ध्यानात येते ते हे, की त्यांचा खरा मुद्दा ब्रसेल्सच्या फार पलीकडचा होता. आपल्यावर राज्य कोण करतो, त्याला संमती कोणी दिली आणि तो नको असेल तर त्याला घालवायचे कसे, हे तीन प्रश्न ते युरोपला विचारत आणि स्टॉरमाँटलाही.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारातून ही विधानसभा आली. तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे युनियनवादी आणि एकसंध आयर्लंड मागणारे राष्ट्रवादी यांना एकत्र कारभार करायला लावणे, हा तिचा हेतू. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर ही पदे नावाला वर-खाली असली तरी अधिकाराने समान आहेत. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. मंत्रिपदे पक्षांच्या बळानुसार वाटली जातात. शांततेसाठी ही योजना मोलाची ठरली, हे मान्य करायलाच हवे. पण तिचा एक परिणाम सभागृहात रोज दिसे. २०११ च्या निवडणुकीनंतर डीयूपी या सर्वांत मोठ्या युनियनवादी पक्षाचे ३८, शिन फेन या राष्ट्रवादी पक्षाचे २९, अल्स्टर युनियनिस्टांचे १६, एसडीएलपी या मवाळ राष्ट्रवादी पक्षाचे १४ आणि दोन्ही गटांबाहेरच्या अलायन्सचे ८ असे १०८ पैकी १०५ आमदार सत्तेत वाटा असलेल्या पक्षांचे होते. उरले तिघे : एक ग्रीन, एक अपक्ष आणि अ‍ॅलिस्टर. मतदार सगळ्यांना निवडू शकत होते, सरकारला मात्र घरी पाठवू शकत नव्हते. अ‍ॅलिस्टर यांनी नेमके यावरच वर्षानुवर्षे बोट ठेवले. ऐच्छिक आघाडी आणि मान्यताप्राप्त विरोधी पक्ष हवा, ही त्यांची मागणी होती. अधिकृत विरोधी पक्षाची तरतूद पुढे २०१६ मध्ये जॉन मॅकॅलिस्टर या दुसऱ्या आमदाराच्या अशासकीय विधेयकातून झाली.

अ‍ॅलिस्टर यांचा जन्म काउंटी डाउनमधील क्रॉसगरचा. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात शिक्षण झाल्यावर १९७६ पासून त्यांनी वकिली केली. डीयूपीचे नेते इयन पेझ्ली १९७९ मध्ये युरोपीय संसदेत निवडून गेले, त्यानंतर तिथे त्यांचे साहाय्यक म्हणून अ‍ॅलिस्टर काम पाहत. १९८२ ते १९८६ या काळातल्या अल्पायुषी विधानसभेतही ते डीयूपीचे आमदार होते. १९८७ मध्ये पक्षाशी बिनसल्यावर ते राजकारणातून बाहेर पडले आणि सतरा वर्षे वकिलीत रमले. २००४ मध्ये पेझ्लींच्या जागी डीयूपीने त्यांनाच युरोपीय संसदेची उमेदवारी दिली आणि पहिल्या पसंतीच्या मतांत ते उत्तर आयर्लंडात अव्वल आले. २००७ च्या मार्चमध्ये पेझ्ली शिन फेनबरोबर सरकार बनवायला तयार झाले. त्याच वेळी अ‍ॅलिस्टर यांनी पक्ष सोडला आणि वर्षअखेर टीयूव्ही स्थापन केला. २००९ मध्ये युरोपीय संसदेतली जागा गेली, २०१० मध्ये वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटच्या, निवडणुकीत पेझ्लींच्या मुलाकडून पराभव झाला आणि २०११ मध्ये ते स्टॉरमाँटवर आले.

विधानसभेतले त्यांचे सर्वांत परिणामकारक काम युरोपशी संबंधित नव्हतेच. २०११ मध्ये शिन फेनच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी मेरी मॅकार्डल यांना आपल्या विशेष सल्लागार नेमले. १९८४ च्या एप्रिलमध्ये बेलफास्टमध्ये दंडाधिकारी टॉम ट्रॅव्हर्स कुटुंबासह चर्चमधून बाहेर पडत असताना आयआरए या शिन फेनशी जोडलेल्या सशस्त्र संघटनेने त्यांच्यावर हल्ला केला. ते वाचले, पण त्यांची तरुण शिक्षिका मुलगी मेरी मारली गेली. या खुनातील सहभागाबद्दल मॅकार्डल यांना शिक्षा झाली होती. सरकारी पगारावरची ही नेमणूक ऐकून मेरीची बहीण अ‍ॅन उघडपणे बोलू लागली आणि अ‍ॅलिस्टर यांनी अशासकीय विधेयक मांडले. पाच वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या व्यक्तीला विशेष सल्लागार होता येणार नाही, अशी त्याची मुख्य तरतूद. अपवाद मागणाऱ्याला पुनर्विलोकन मंडळापुढे जाण्याची वाट होती. केल्या कृत्याचा पश्चात्ताप दिसतो का, पोलिसांच्या तपासाला शक्य ती मदत केली का आणि पीडितांचे म्हणणे काय, हे त्या मंडळाने पाहायचे होते.

पुढची लढत आकड्यांची होती. स्टॉरमाँटमध्ये ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’ नावाची तरतूद आहे. तेव्हाच्या नियमानुसार तीस आमदारांनी सही केली की त्या प्रस्तावाला साधे बहुमत पुरत नसे, दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचा पाठिंबा लागे. शिन फेनकडे २९ आमदार होते. एकच सही हवी होती आणि ती एसडीएलपीकडूनच मिळण्यासारखी होती. त्या पक्षात बरीच चलबिचल झाली. अ‍ॅन ट्रॅव्हर्स यांनी त्यांच्या नेत्यांची भेट घेतली. अखेर एसडीएलपीने सही केली नाही आणि मतदानात तटस्थ राहायचे ठरवले. जून २०१३ मध्ये विधेयक मंजूर झाले. एका सहीवाचून नकाराधिकार हुकल्याचे इतके स्पष्ट उदाहरण या विधानसभेच्या इतिहासात शोधावे लागेल.

या कायद्याला असलेला विरोधही समजून घ्यायला हवा. १९९८ च्या कराराने राजकीय कैद्यांची लवकर सुटका केली होती. शिक्षा भोगून आलेल्यांना सार्वजनिक जीवनाची दारे बंद करणे हा त्या कराराच्या भावनेशी द्रोह आहे, असे रिपब्लिकन, म्हणजे शिन फेनच्या, बाजूचे म्हणणे होते. निवडून आलेल्या मंत्र्याला जी अट लागू नाही ती त्याच्या सल्लागाराला का, हाही सवाल गैरवाजवी नव्हता. तरीही ज्या घरातली मुलगी गेली त्या घराला विचारल्याशिवाय असली नेमणूक होऊ नये, हे तत्त्व कायद्यात आले, याचे मोल कमी होत नाही.

सल्लागारांचा विषय तिथेच संपला नाही. २०१२ साली सुरू झालेल्या अक्षय-उष्णता प्रोत्साहन योजनेत जळणाच्या खर्चापेक्षा अनुदान जास्त मिळत होते. जितके जाळाल तितका फायदा, असा उफराटा हिशेब झाला. २०१६ च्या अखेरीस हे प्रकरण पेटले आणि ९ जानेवारी २०१७ रोजी शिन फेनचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनिस यांच्या राजीनाम्याने सरकार कोसळले. विधानसभा तीन वर्षे ठप्प राहिली. न्या. पॅट्रिक कॉफलिन यांच्या चौकशीत बैठकांची टिपणेच न ठेवणे आणि सल्लागारांचा बेलगाम वावर उघडा पडला. जानेवारी २०२० मध्ये सभागृह पुन्हा भरल्यावर अ‍ॅलिस्टर यांनी दुसरे अशासकीय विधेयक आणले. सल्लागारांना सनदी सेवेची शिस्त लागू करणे, मंत्र्यांच्या बैठकांची नोंद ठेवणे, सरकारी कामाचा पत्रव्यवहार सरकारी यंत्रणेतूनच करणे अशा तरतुदींचा हा कायदा २०२१ मध्ये झाला.

सभागृहात त्यांची बोलण्याची रीत उलटतपासणीची होती. लहानातल्या लहान पक्षाला चर्चेत पाळी उशिरा येते आणि वेळ थोडा मिळतो. आधीच्या वक्त्यांची विधाने टिपून ठेवायची, त्यांतली विसंगती नेमकी पकडायची आणि मंत्र्याला हो किंवा नाही असे उत्तर द्यायला भाग पाडायचे, हा त्यांचा खाक्या. लेखी प्रश्नांचा तर ते पाऊस पाडत. मंत्र्यांचे खर्च, सल्लागारांचे पगार, सरकारी संस्थांवरच्या नेमणुका असे विषय सर्वपक्षीय सरकारात एरवी कोणी उकरून काढले नसते. सूर नेहमीच कडक, पुष्कळदा बोचरा. समलिंगी विवाह असो वा आयरिश भाषेचा कायदा, त्यांची भूमिका कर्मठच राहिली. सभागृहातल्या बहुसंख्यांना ते भूतकाळात अडकलेले वाटत. पण त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे टाळता येत नसे, हे विरोधकही जाणून होते.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला. अ‍ॅलिस्टर यांच्या नॉर्थ अँट्रिमने मात्र ६२ टक्के मतांनी बाहेर पडायचे म्हटले. ब्रिटनचा निर्णय एकत्र मोजायचा, हा त्यांचा आग्रह. नंतर जे घडले ते मात्र त्यांच्या दृष्टीने विजयाची विटंबना ठरले. आयर्लंड बेटावर जमिनीची सीमा पुन्हा उभी राहू नये म्हणून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातला ‘प्रोटोकॉल’ आला. १ जानेवारी २०२१ पासून वस्तूंच्या व्यापारात उत्तर आयर्लंड युरोपीय नियमांखाली राहिले आणि इंग्लंड-स्कॉटलंडहून येणाऱ्या मालाची तपासणी बंदरांवर सुरू झाली. बाहेर पडायला मत देणाऱ्या अँट्रिमच्या शेतकऱ्याला बियाणे-रोपे आणतानाही युरोपची कागदपत्रे भरायची वेळ आली. ज्या कायद्यांवर आपण मत देऊ शकत नाही, ते आपल्याला लागू का, हा अ‍ॅलिस्टर यांचा सवाल इथे फार टोकदार झाला.

जानेवारी २०२० मध्ये लंडनच्या माघार-करार विधेयकाला संमती नाकारणारा ठराव स्टॉरमाँटने मतविभाजनाशिवाय मंजूर केला. युरोपात राहू इच्छिणारे आणि बाहेर पडू इच्छिणारे, दोघेही आपापल्या कारणांनी एका बाजूला आले. लंडनने तो ठराव बाजूला सारला. प्रोटोकॉलवर चार वर्षांनी विधानसभेचे मत घ्यायची सोय होती, पण ते साध्या बहुमताने. युनियनवाद्यांना महत्त्वाच्या प्रश्नांवर दोन्ही समाजांची संमती लागेल, असे १९९८ पासून सांगितले गेले आणि नेमक्या याच प्रश्नावर ती अट गळाली, ही अ‍ॅलिस्टर यांची तक्रार. सत्तावाटपाच्या चौकटीला ज्यांनी आयुष्यभर विरोध केला, त्यांनीच तिच्या सर्वांत कडक अटीचा आधार मागावा, यात त्यांच्या टीकाकारांना विसंगती दिसते. तक्रारीतला मूळ मुद्दा मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही.

हा वाद त्यांनी न्यायालयातही नेला. प्रोटोकॉलमुळे १८०० च्या ब्रिटन-आयर्लंड एकीकरण कायद्यातील सहाव्या कलमाचा, म्हणजे संपूर्ण युनायटेड किंग्डममध्ये व्यापाराची समान वागणूक देणाऱ्या तरतुदीचा, भंग होतो, असा दावा अ‍ॅलिस्टर आणि सहकाऱ्यांनी केला. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पार्लमेंट सार्वभौम आहे आणि नंतरच्या कायद्याने आधीचे कलम तेवढ्यापुरते बाजूला पडते, असा निकालाचा आशय होता. युरोपविरोधाचा सारा डोलारा पार्लमेंटच्या सार्वभौमत्वावर उभा होता. त्याच तत्त्वाने ही याचिका पडली.

शेजारच्या वेल्समध्ये चित्र वेगळे होते. तिथे २०१६ मध्ये यूकेआयपी या उघड युरोपविरोधी पक्षाचे सात सदस्य निवडून आले, त्यांत हुजूर पक्षाचे माजी मंत्री नील हॅमिल्टनही होते. पण गटनेतेपदावरून पहिल्याच आठवड्यात भांडण लागले, एकेक सदस्य फुटत गेला आणि २०२१ मध्ये पक्षाची पाटी कोरी झाली. सात जणांच्या त्या गटापेक्षा स्टॉरमाँटच्या एकट्या सदस्याच्या नावावर अधिक ठोस काम आहे. स्टॉरमाँटमध्येही डेव्हिड मॅकनॅरी या आमदाराने २०१२ मध्ये यूकेआयपीत प्रवेश केला होता, पण त्यांचा ठसा उमटला नाही.

२०२२ च्या निवडणुकीत टीयूव्हीला पहिल्या पसंतीची ७.६ टक्के मते मिळाली, जागा मात्र पुन्हा एकच. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन वर्षांच्या खंडानंतर विधानसभा भरली आणि शिन फेनच्या मिशेल ओ’नील पहिल्या राष्ट्रवादी फर्स्ट मिनिस्टर झाल्या. डीयूपीने लंडनशी केलेल्या समझोत्याने समुद्रातली सीमा, म्हणजे ब्रिटनहून येणाऱ्या मालाची बंदरांवरची तपासणी, हटलेली नाही, हे अ‍ॅलिस्टर तेव्हाही सांगत राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी इयन पेझ्ली ज्युनिअर यांचा ४५० मतांनी पराभव करून वेस्टमिन्स्टरची जागा जिंकली. नॉर्थ अँट्रिमची ही जागा १९७० पासून पेझ्ली घराण्याकडे होती. स्टॉरमाँटमध्ये त्यांच्या जागी टिमथी गॅस्टन आले. १० डिसेंबर २०२४ रोजी विधानसभेने युरोपीय व्यापार-नियम चालू ठेवण्याच्या बाजूने ४८ विरुद्ध ३६ असे मत दिले. युनियनवाद्यांचा पाठिंबा नसल्याने ही मुदत आठऐवजी चारच वर्षांची ठरली. पुढचे मतदान २०२८ मध्ये अपेक्षित आहे.