मोठा चेहरा म्हणजे चांगली जाहिरात?

सामन्याची जाहिरात गाजते ती स्टार खेळाडूमुळे, हे सोलापुरात पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यापासून नवी पेठेतल्या दुकानांपर्यंत पक्कं ठरलेलं. तसं नाही. २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्याची ‘मौका मौका’ ही जाहिरात आठवा. तिच्या केंद्रस्थानी क्रिकेटपटू नव्हताच. होता एक पाकिस्तानी चाहता. १९९२ पासून फटाके जपून ठेवलेला, विश्वचषकात दर वेळी भारताकडून हरून हिरमुसणारा. तोवरचे पाचही सामने पाकिस्तान हरला होता, म्हणजे गोष्ट प्रेक्षकाला आधीच पाठ. जाहिरातीने तिला फक्त माणूस दिला, तोही समोरच्या बाजूचा. (चिडवायला आपल्याला आवडतंच की!) स्टारमुळे नजर थांबते, एवढंच. १५ फेब्रुवारीला ॲडलेडमध्ये पाकिस्तान पुन्हा हरला आणि त्याच चाहत्याला घेऊन पुढच्या सामन्यांच्या जाहिराती निघाल्या.