जिवाचा नांगर: विदर्भातल्या सार्वकालिक जीवनाच्या आशेची पार्श्वभूमी

आमच्याकडच्या ख्रिस्ती कब्रस्तानात दगडावर 'मेले' असं सहसा कोरत नाहीत, 'प्रभूत निजले' असं कोरतात. पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरला, तांबडं फुटायच्या आत मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तिथं जमते. आदल्या दिवशी गाजरगवत उपटून कबरींना चुना मारलेला असतो. धुऱ्यापलीकडं उलंगवाडी झालेलं वावर, काळं आणि रिकामं. त्या अंधारात मेणबत्त्या लावून जे गातात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या डोक्यावर कर्ज असतं.

'निजले' हा शब्द फार जुना आहे. इसवी सन ५० च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिलं. प्रभू येशू परत येण्याआधीच आपली माणसं गेली, त्यांचं काय, या घोराने ते लोक खचले होते. पौलाने मेलेल्यांना 'निजलेले' म्हटलं. निजलेल्याला उठवता येतं. पुढं ख्रिस्ती लोक दफनभूमीला 'निजण्याची जागा' या अर्थाचा ग्रीक शब्द वापरू लागले.

पण मेलेले पुन्हा उठतील ही आशा मुळात यहुदी लोकांच्या छळातून पुढं आली. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास सीरियाच्या अंतियुख राजाने त्यांची उपासना बंद केली, आणि देवाला धरून राहिलेली माणसं मारली गेली. देव न्यायी असेल, तर या मेलेल्यांना न्याय कधी मिळणार? बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकात मातीत निजलेले जागे होतील असं जे म्हटलं आहे, ते या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. म्हणून 'मेल्यावर सुख मिळेल, आत्ता सोसा' असा या आशेचा अर्थ कोणी सांगितला की मला तो खोटा वाटतो. न्यायासाठी आक्रोश करणाऱ्यांची ही आशा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर देवाला ओळखणं हेच सार्वकालिक, म्हणजे कधी न संपणारं, जीवन म्हटलं आहे. ते इथूनच सुरू होतं.

मराठीत बायबलचा नवा करार १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून आला. मिशनरी विल्यम केरी यांना त्या कामात वैजनाथ पंडितांची मदत होती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला 'जिवाचा नांगर' म्हटलं आहे. मूळ अर्थ जहाजाचा नांगर. रोमच्या भुयारी दफनभूमीत ख्रिस्ती लोकांनी तोच कोरून ठेवला आहे. पण समुद्र कधी न पाहिलेल्या वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं बैलाचाच नांगर येतो. माझी आजी तो तसाच समजायची: जमीन खोल फाडतो, तेव्हाच पेरता येतं. अर्थ चुकला, तरी आशा चुकली असं मला कधी वाटलं नाही.

विदर्भात हे वचन संकटातच रुजलं. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुरात बुडून गेले. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन दुष्काळ पडले. १८९७ मध्ये पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलीबाळींना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन गेल्या. मिशनांनी ठिकठिकाणी अनाथाश्रम उघडले. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासूनचा. भाकर आणि वचन एकाच हातून मिळालं, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याने उपाशी लेकराला उचललं, त्याच्या देवावर त्या लेकराने भरवसा ठेवला, यात मला हलकं काही दिसत नाही. पुढं वाशीमला मिशनचा दवाखाना झाला. यवतमाळला १९५३ पासून तीस वर्षं पाळकांना शिकवणारं मोठं धर्मविद्यालय होतं.

नंतरचा काळ सगळ्यांना ठाऊक आहे. कापसाचा भाव, सावकार, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. २००६ मध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, २०१७ मध्ये बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली. आणि मंडळीपुढं एक जुनी अडचण उभी राहिली. इसवी सन ५६१ मध्ये आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या धर्मसभेने आत्महत्या करणाऱ्यांना अंत्यविधीची प्रार्थना नाकारली होती. तो कठोरपणा चौदाशे वर्षं लोकांच्या मनात झिरपत आला आहे. विधवेला पहिली भीती हीच असते, की माझा माणूस देवाला पारखा झाला का?

आमच्या गावात अशा एका दफनाला मी उभा होतो. कुजबुज चालू होती. पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला: मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा त्याच्या विधवेकडं बघून. कुजबुज थांबली. आठवड्याने मंडळीतले चौघे आपापले बैल आणि डवरे घेऊन तिच्या वावरात उतरले. दुपारपर्यंत अर्धी डवरणी झाली होती, आणि ती त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन धुऱ्याने येत होती.