दोन फोटोंचा सांधा

गेल्या हिवाळ्यात मी सुवर्णदुर्गाचा एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हर्णैची निळसर पहाट, तटाखालच्या खडकांना लागलेलं भरतीचं पाणी आणि क्षितिजावर टेकत आलेला पौर्णिमेचा चंद्र. पाच मिनिटांत भाच्याने विचारलं, "मामा, एडिट केलाय ना?" केलाय म्हटल्यावर त्याने निकाल देऊन टाकला. "मग खोटा आहे. माझ्या फोनात जसं दिसतं तसंच येतं."

फोटो खोटा होता हे खरंच, पण भाचा म्हणतो त्या कारणाने नव्हे. ते कारण पुढे येईल. आधी त्याच्या फोनाचं बघू.

फोनच्या सेन्सरवर उजेड मोजणारे लाखो-करोडो बारीक ठिपके असतात. त्यातल्या एकालाही रंग कळत नाही, उजेड किती एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एक इवलीशी रंगीत गाळणी बसवतात. चार ठिपक्यांच्या चौकोनात दोन हिरव्या, एक लाल, एक निळी, आणि हाच चौकोन सेन्सरभर पुन्हा पुन्हा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. याचा अर्थ असा की पाण्यावरच्या एखाद्या ठिपक्याचा फक्त हिरवा आकडा मोजलेला असतो. लाल आणि निळा शेजाऱ्यांकडून उसना आणून हिशोबाने बसवलेला. फोटोतल्या दर तीन आकड्यांपैकी दोन असे अंदाजाने भरलेले! त्यात बटण एकदाच दाबलं तरी आजचे बरेचसे फोन पाठोपाठ कितीतरी फ्रेम घेतात आणि त्या एकमेकींवर बसवून एक फोटो हातात देतात. "जसं दिसतं तसं" हे प्रकरण एवढं साधं नाही.

समुद्राचे फोटो सांधून तयार करण्याची कला तर फोनच्या कितीतरी आधीची. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार १८५६-५७ च्या सुमारास लाटांचे फोटो काढत होता. तेव्हा काचेवर कलोडियन नावाच्या चिकट रसायनाचा थर देऊन निगेटिव्ह करायचे, त्या थराला निळा उजेड भलताच लवकर लागायचा. लाटा नीट उमटेपर्यंत आकाश कोरं पांढरं पडायचं, आकाश सांभाळावं तर समुद्र काळा. त्याने आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा वेगळ्या निगेटिव्ह काढल्या आणि छापताना क्षितिजावर जोडल्या. सांधा लपवायला क्षितिजासारखी जागा नाही. तिथे रेघ असायचीच असते.

माझा सांधा मात्र उभा होता. डाव्या फ्रेममध्ये किल्ला, उजवीत नांगरलेल्या होड्या, दोन्ही मिळून एक रुंद फोटो करायचा होता. कॅमेरा ऑटोवर राहिला होता, त्यामुळे उजवी फ्रेम त्याने थोडी उजळ घेतली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर मधोमध सुरीने कापल्यासारखी रेघ. फरक अगदी थोडा असला तरी ती दिसते, कारण डोळा नुसता उजेड मोजत बसत नाही, शेजारशेजारच्या उजेडातला फरक टिपतो आणि वर तो फुगवूनही दाखवतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच हे लिहून ठेवलंय.

मग सगळे करतात तेच मी केलं. गिंप हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर उघडलं (फुकट मिळतं, आणि घरच्या कामाला भरपूर होतं), लेयर मास्कवर, म्हणजे कुठे कुठला फोटो दिसावा ते ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पाचशे पिक्सेलांचा उतार दिला. आकाश झकास मिसळलं. पण होड्या दोन क्लिकच्या मधे हलल्या होत्या. एका होडीला दोन डोलकाठ्या आल्या, दोन्ही अर्धपारदर्शक. उतार दहा पिक्सेलांवर आणला तर होडी ताळ्यावर आली आणि आकाशात पुन्हा रेघ. दोनशे करून पाहिला, शंभर करून पाहिला. दोन्हीकडून फजिती.

अडचण अशी की उताराची एकच रुंदी सगळ्याला पुरत नाही. आकाशाचा उजेड सावकाश बदलतो, त्याला रुंद उतार हवा. डोलकाठीचा दोर दोन पिक्सेलांचा, त्याला अरुंद. आणि दोन्ही एकाच जागी. यावरचा तोडगा संशोधक पीटर बर्ट आणि एडवर्ड अॅडल्सन यांनी १९८३ मध्ये मांडला. फोटो सांधण्याआधी चाळायचा. जात्यावरचं तांदळाचं पीठ आपण चाळणीने कण्या, रवा, पीठ असं वेगळं करतो, तसे फोटोतले ढोबळ बदल आणि बारीक बदल वेगवेगळे काढायचे, प्रत्येक प्रतीचं वेगळं सांधायचं, आणि मग सगळं परत एकत्र करायचं.

चाळायचं कसं, ते चार पिक्सेलांवर पाहू. डाव्या फ्रेममधल्या वाळूचे चार आकडे घ्या: १००, १०४, ९८, १०२. सरासरी १०१. प्रत्येकातून ती वजा केली की उरतात −१, +३, −३, +१. ही सरासरी म्हणजे वाळूवरचा उजेड आणि ही उरलीसुरली बाकी म्हणजे वाळूचे कण. उजव्या फ्रेममध्ये त्याच वाळूचे आकडे १४०, १४६, १३८, १४४. सरासरी १४२, बाकी −२, +४, −४, +२. आता बघा, दोन्ही बाक्या जवळपास सारख्याच आहेत. भांडण सगळं १०१ आणि १४२ मध्ये. ते दूरवर पसरून, सावकाश मिटवायचं. कणांना पसरायची गरजच नाही, त्यांची अदलाबदल जागच्या जागी झाली तरी कोणाला पत्ता लागत नाही.

प्रत्यक्षात हे एकदा करून भागत नाही, पायरीपायरीने करतात. चार हजार पिक्सेल रुंद फोटो थोडा धूसर करून निम्मा करायचा, दोन हजार. तो पुन्हा धूसर करून निम्मा, एक हजार. मग पाचशे, अडीचशे. एकावर एक ठेवले तर पिरॅमिड दिसतो, नावही तेच. प्रत्येक पायरीवर लहान फोटो पुन्हा ताणून मोठा करायचा आणि त्याच्या आधीच्या मोठ्या फोटोतून वजा करायचा. लहान करताना जे हरवलं, तेवढीच बाकी हाती राहते. या सगळ्या बाक्या आणि शेवटचा चिमुकला फोटो उलट्या क्रमाने बेरीज करत आणले की मूळ फोटो जसाच्या तसा परत मिळतो, एक पिक्सेलही इकडचा तिकडे नाही. जागाही फार लागत नाही. प्रत्येक पायरीवर पिक्सेल एक चतुर्थांश, म्हणून एक अधिक पाव अधिक एक सोळांश असं कितीही पुढे गेलं तरी सगळी बेरीज दीडपटही होत नाही, एक पूर्णांक एक तृतीयांशावर अडते.

आणि आता माझी आवडती गोष्ट. मास्कचाही असाच पिरॅमिड करायचा. मग प्रत्येक पायरीवर सांध्याचा उतार चारपाच पिक्सेलांचाच, वेगळं काही ठरवावं लागत नाही. पण सहा वेळा निम्मा केलेल्या फोटोतला एक पिक्सेल मूळच्या चौसष्ट पिक्सेलांएवढा रुंद असतो. म्हणजे तिथला पाच पिक्सेलांचा उतार मूळ फोटोत तीनशेवीस पिक्सेलांचा! बारीक दोराला आपोआप अरुंद सांधा मिळाला, आकाशाला आपोआप रुंद. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री दीड वाजता बायकोला उठवून सांगावंसं वाटलं होतं. उठवलं नाही.

बर्ट आणि अॅडल्सन यांनी नमुन्यादाखल अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं जोडलं होतं. मी घरी अर्धा हापूस आणि अर्धं काजूचं बोंड जोडून पाहिलं. सांधा सापडत नाही, पण बघून पोटात कसंतरी होतं. हे हाताने करायची गरज नाही. ह्युगिन हा पॅनोरामा जोडणारा फुकट प्रोग्रॅम आतून सांधे मिसळणारा एनब्लेंड हा प्रोग्रॅम वापरतो, आणि एनब्लेंडच्या पोटात हाच पिरॅमिड आहे.

पुढचा परिच्छेद जरा किचकट आहे, कंटाळा आला तर सोडून द्या. फोटोतले ० ते २५५ हे आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात. १२८ म्हणजे निम्मा उजेड असं वाटतं, प्रत्यक्षात तो जेमतेम २२ टक्के. निम्म्या उजेडाला आकडा लागतो १८८. काळोख्या होडीवरचा पांढरा दिवा आणि काळोख हे साध्या पद्धतीने निम्मे-निम्मे मिसळले तर येतो १२८, म्हणजे हवा त्याच्या निम्म्याहून कमी उजेड, आणि दिव्याभोवती मळकट कड उमटते. गिंपमध्ये लेयर लिनियर प्रकाशात, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणातल्या आकड्यांत, मिसळायची सोय आहे. ती चालू केली की कड जाते.

आता चंद्र. तो गुहागरचा, दुसऱ्या सहलीतला. पौर्णिमेची रात्र सरताना समुद्रात बुडणारा. लेन्स तीच होती, म्हणून आकार बदलला नाही. कापून चिकटवला तर त्यावरचे डाग आकाशापेक्षा काळे दिसले, आणि तो फोटोला चिकटवलेल्या टिकलीसारखा दिसायला लागला. उजाडताना असं होऊच शकत नाही. पहाटेचा निळा उजेड चंद्राच्या मागे नसतो, तो आपल्या आणि चंद्राच्या मधल्या हवेत असतो. चंद्राचा कितीही काळा डाग घ्या, त्यावर त्या हवेचा निळा उजेड चढतोच. म्हणून इथे झाकायचं नाही, उजेडात उजेड मिळवायचा. सॉफ्टवेअरमधला "स्क्रीन" हा प्रकार साधारण तेच करतो: दोन्ही फोटो निगेटिव्हसारखे उलटे करायचे (काळ्याचं पांढरं), एकमेकांशी गुणायचे, उत्तर परत उलटं करायचं. डाग निळे झाले, चंद्र मागे सरकला.

हल्ली एका बोटाने आकाश बदलून देणारी ॲप निघालीत, एआयच्या नावाने गाजतात. त्यांतलं आकाश कुठल्या गावचं ते देव जाणे. मला माझ्याच सहलीतलं आकाश हवं असतं, मग ते गुहागरचं का असेना.

फोटो निवडताना गुहागरचाच एक रात्रीचा फोटो सापडला. अंगणात फ्लॅशने काढलेला, हवेत पंधरावीस पांढऱ्या चकत्या तरंगताहेत. जिथे उतरलो होतो तिथल्या काकूंनी तो पाहून हात जोडले होते. जुनं घर, पूर्वज येतात म्हणाल्या. पूर्वजांनी भुरभूर पावसातच का यावं? लेन्सच्या अगदी जवळचा थेंब फ्लॅशमध्ये लखकन उजळतो, आणि फोकसबाहेर असल्याने त्याची मोठी गोल चकती होते. फ्लॅश बंद केला की पूर्वज जातात. काकूंना हे मी सांगितलं नाही, त्यांनी नुकतीच आंबोळी वाढली होती.

तर माझा फोटो. सांधा नाही, कड नाही, डाग निळे. मी खूश. पुढच्या खेपेला हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटोपल्यावर एका म्हाताऱ्या तांडेलांना फोनवर दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "पुनवेचा चंद्र बुडायला आलाय आणि पाणी एवढं? तेव्हा सुकती असते, भाऊ."

सुकती म्हणजे ओहोटी. किनाऱ्यावर हा हिशोब पोरासोरांना पाठ असतो. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास, एकदा दिवसा, एकदा रात्री. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी, म्हणजे पाच-साडेपाचला. पौर्णिमेचा चंद्र मावळतो सूर्योदयाच्या आसपास. तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, उधाणाचे दिवस म्हणून तर अधिकच खाली, खडक उघडे पडलेले. या किनाऱ्यावर पुनवेचा चंद्र क्षितिजाला टेकलेला असताना समुद्र काठोकाठ भरलेला दिसत नाही. पिरॅमिडला हे कळायचं काही कारण नव्हतं, आणि मला कळलं नाही.

घरी येऊन किल्ल्याच्या मूळ फोटोची तारीख पाहिली आणि पंचांग काढलं. वद्य अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. भरती बरोबर होती, भांगेची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमजोर, म्हणून बेताची. त्या पहाटे चंद्रही होता. अर्धा, माझ्या माथ्यावर, फ्रेमच्या बाहेर.