डेंग्यूची लस इतकी का रखडली? फिलिपिन्समध्ये काय झालं होतं

पावसाळा आला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, कोरोनाची लस वर्षभरात आली मग डेंग्यूची का नाही. अहो आली होती की, २०१५ मध्येच, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून बहुतेक कायमची सुटका, पण नंतर दुसऱ्याने गाठलं तर जुन्या अँटीबॉडीज त्याला अडवायचं सोडून पेशीत शिरायला मदतच करू शकतात, म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त डेंजर. स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकन डॉक्टरने हे १९६० च्या दशकात बँकॉकच्या मुलांमध्ये बघितलेलं. म्हणजे लस चारही प्रकारांवर नीट चालली नाही तर ती अंगावर उलटू शकते ही भीती जुनीच.

सनोफी या फ्रेंच औषध कंपनीच्या डेंगव्हॅक्सिया लसीला डिसेंबर २०१५ मध्ये आधी मेक्सिकोत आणि मग फिलिपिन्समध्ये परवानगी मिळाली, आणि फिलिपिन्सने एप्रिल २०१६ पासून सरकारी शाळांतल्या ९ वर्षांपुढच्या मुलांना ती द्यायला सुरुवात केली, ८ लाखांवर मुलांना दिली. खरंतर ट्रायलमध्येच २ ते ५ वर्षांची लस घेतलेली मुलं तिसऱ्या वर्षी जास्त ॲडमिट झाली होती. कंपनीने काय केलं, वयाची अट ९ केली. पण कारण वय होतं की त्या मुलांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता हे? ते कळायला लस द्यायच्या आधीचं रक्त हवं, आणि ते घेतलेलं थोड्याच मुलांचं! माझ्या मते खरी चूक ही.

मग एक युक्ती सापडली. आपल्याकडे तापात जी एनएस-१ टेस्ट करतात ना, ते डेंग्यूच्या विषाणूचं प्रोटीन. या लसीचा सांगाडा, म्हणजे ज्या कमजोर विषाणूवर ती बांधलीय तो, यलो फिव्हरच्या लसीचा, त्यामुळे त्यात डेंग्यूचं एनएस-१ नाहीच. म्हणजे लसीनंतरच्या साठवलेल्या रक्तात त्याच्या अँटीबॉडीज सापडल्या तर खरा डेंग्यू होऊन गेलाय. तसं तपासलं आणि २९ नोव्हेंबर २०१७ ला कंपनीने जाहीर केलं की आधी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर तो झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो.

दोन दिवसांत मोहीम बंद. पालक रस्त्यावर, अधिकाऱ्यांवर केसेस, २०१९ मध्ये लायसन्स कायमचं रद्द, आणि लोकांचा सगळ्याच लसींवरचा विश्वास उडाला. त्याच वर्षी तिथे गोवरची मोठी साथ आली.

त्यानंतर सगळेच ताकही फुंकून पितायत. ताकेदा या जपानी कंपनीच्या क्यूडेंगा लसीचा सांगाडा डेंग्यूच्याच दोन नंबरच्या प्रकाराचा, तिला २०२२ मध्ये इंडोनेशियाने परवानगी दिली, ब्राझीलने २०२४ पासून १० ते १४ वर्षांच्या मुलांना सरकारी खर्चाने सुरू केली. आपल्याकडे पॅनेशिया बायोटेक कंपनीची डेंगीऑल लस, तिच्यातले विषाणूंचे मूळ स्ट्रेन अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे, आयसीएमआरसोबत ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलचा पहिला डोस दिला, १०,३३५ जण घ्यायचे आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं असं ठरलं.