सर्व्हर आणि क्लाउड ऑटोमेशनची ओपन सोर्स टूल्स

सर्व्हरवर लॉगिन करून हाताने एकेक कमांड मारत बसण्याऐवजी तो सर्व्हर शेवटी कसा असायला हवा हे फाईलमध्ये लिहून ठेवायचं आणि बाकीचं काम टूलकडून करून घ्यायचं, याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. क्लाउडवरची मशीन, नेटवर्क, डिस्क, फायरवॉल हे सगळं असंच फाईल लिहून उभं केलं की ते इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड. ॲन्सिबल, पपेट, शेफ, सॉल्ट ही पहिल्या कामाची टूल्स, टेराफॉर्म आणि ओपनटोफू दुसऱ्या कामाची.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं भरपूर आहेत, आणि ठाणे-वाशी लोकलने रोज जाणाऱ्यांत सर्व्हर सांभाळणारे कितीतरी जण असतात. ॲमेझॉनचा मुंबई रीजन, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरांवर चालणारा क्लाउड, २०१६ ला सुरू झाला, गुगलचा २०१७ ला, त्यानंतर रॅकमधल्या मशीनबरोबर क्लाउडही त्याच लोकांच्या गळ्यात आला, आणि दोन्हीकडचं हाताने करणं खरंच जमेना.

याची गरज काय ते मला ऐरोलीच्या एका ऑफिसात कळलं. तिथे सर्व्हरचा सगळा सेटअप एका सीनियर दादांच्या वहीत होता. जुलैमध्ये धो धो पाऊस, रुळांवर पाणी, दादा ठाणे स्टेशनात अडकलेले, आणि इकडे मशीन गेलं म्हणून नवीन उभं करायचं होतं, तर ते फोनवर एकेक स्टेप सांगतायत आणि आम्ही दोघं टाईप करतोय असं सहा तास चाललं. ॲप चालू झालं. पण जुने लॉग साफ करायची एक सेटिंग वहीत लिहायचीच राहिली होती, तीन आठवड्यांनी डिस्क भरली आणि सगळं परत बंद. चूक दादांची नव्हती, एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात ठेवायला लावणं हीच चूक.

या टूल्सचा गाभा एकच आहे: कृती लिहायची नाही, अवस्था लिहायची. एनजिनएक्स हा वेबसाईट चालवणारा प्रोग्राम घ्या: "एनजिनएक्स इन्स्टॉल कर" असं न म्हणता "एनजिनएक्स असलेलं पाहिजे" म्हणायचं. असेल तर टूल हात लावत नाही, नसेल तर टाकतं, म्हणून तीच फाईल एकदा चालवा की दहा वेळा, निकाल तोच येतो, याला आयडेम्पोटंट म्हणतात. साध्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या फाईलमध्ये, हे आपोआप मिळत नाही, दुसऱ्यांदा चालवली तर तीच ओळ कॉन्फिगमध्ये दोनदा लिहिली जाते आणि मग शोधत बसा.

सुरुवात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात केलेल्या सीएफइंजिनपासून धरतात. मग २००५ ला ल्यूक कॅनीज यांचं पपेट, २००९ ला शेफ, २०११ ला सॉल्ट. पपेटमध्ये प्रत्येक सर्व्हरवर एजंट, म्हणजे कायम चालू राहणारा प्रोग्राम, बसवावा लागतो, तो डीफॉल्टने दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारतो की माझं काही बदललंय का. मायकल डीहान यांनी २०१२ मध्ये आणलेल्या ॲन्सिबलने एजंटच काढून टाकला. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) चालू असलं आणि समोरच्या मशीनवर पायथन असलं की झालं, फाईलही याम्ल या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये, तिला प्लेबुक म्हणतात आणि ती वाचूनच अर्धी कळते. नवीन माणसाला मी आधी ॲन्सिबलच शिकवतो. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावायची, प्लेबुक आधी चेक मोडमध्ये (काही न बदलता) डिफ लावून, म्हणजे काय काय बदलेल ते दाखवायला लावून, बघायची आणि मगच खरी चालवायची. रेड हॅटने २०१५ ला ॲन्सिबल विकत घेतलं, तरी त्याचा गाभा आजही जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखालीच आहे.

टेराफॉर्म २०१४ चं, हॅशिकॉर्प कंपनीचं. सिडकोने आधी सेक्टर, रस्ते, नाले आखले आणि मग बिल्डिंगा आल्या, तसं टेराफॉर्म प्लॉट आखतं आणि आत संसार लावायचं काम ॲन्सिबल करतं. त्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे स्टेट फाईल, आपण काय काय उभं केलंय याची टूलने ठेवलेली नोंद. कुणी रात्री घाईत क्लाउडच्या वेब कन्सोलवर जाऊन फायरवॉलचा पोर्ट उघडला तर प्रत्यक्ष एक आणि कोडमध्ये एक असं होतं, याला ड्रिफ्ट म्हणतात. मंजूर नकाशात बाल्कनी आहे आणि तुम्ही ती बंद करून खोली केलीत, तसंच हे. पुढच्या प्लॅनमध्ये, म्हणजे काय काय बदलणार याच्या यादीत, टेराफॉर्म ती खोली पाडायला निघतं. म्हणून अप्लाय, म्हणजे ते बदल प्रत्यक्ष लागू करायच्या आधी प्लॅन ओळ न् ओळ वाचायचा, आणि ज्या ओळीत डिस्ट्रॉय लिहिलंय तिथे थांबून शेजारच्याला दाखवायचं.

ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचं लायसन्स एमपीएल या ओपन सोर्स लायसन्सवरून बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं, म्हणजे कोड दिसतो पण स्पर्धक प्रॉडक्ट म्हणून विकता येत नाही, आणि हे ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. स्वतःच्या कंपनीपुरतं वापरणाऱ्याला लगेच काही फरक पडला नाही हे खरं. पण जुना कोड एमपीएलखाली होता म्हणूनच लोकांना तो घेऊन वेगळा फाटा काढता आला, तो ओपनटोफू, सप्टेंबर २०२३ पासून लिनक्स फाउंडेशनकडे, पहिली स्टेबल आवृत्ती १.६ जानेवारी २०२४ ची. पपेटच्या बाबतीतही २०२५ मध्ये समुदायाने ओपनव्हॉक्स नावाचा फाटा काढला. वर्षानुवर्षं लिहिलेल्या फाईली एका कंपनीच्या निर्णयाने अडकून पडू नयेत, मला ओपन सोर्स हवं ते यासाठी.

पासवर्डचं वेगळं बघावं लागतं. ॲन्सिबलमध्ये त्यासाठी व्हॉल्ट आहे, फाईल एन्क्रिप्ट करूनच गिटमध्ये (कोड आणि त्यातले बदल सगळ्यांसाठी साठवणारं टूल) टाकायची. टेराफॉर्मच्या स्टेट फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्डसुद्धा साध्या अक्षरात उतरू शकतो, म्हणून ती गिटमध्ये कधीच टाकू नका, लॉक आणि एन्क्रिप्शन असलेल्या रिमोट स्टोरेजवर ठेवा. ओपनटोफूने १.७ पासून, म्हणजे २०२४ पासून, स्टेट टूलमधूनच एन्क्रिप्ट करायची सोय दिलीये.